"पूर्ण नाव काय?" : बडोद्याची खोली आणि आपले पहिले भाड्याचे घर

पहिले भाड्याचे घर शोधायला निघालेल्या आपल्या कुठल्याही तरुणाला विचारा, "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न त्याने ऐकलेला असतो. आम्ही पुण्यात पहिला वन बीएचके शोधत होतो, तेव्हा फ्लॅट पसंत पडला होता, डिपॉझिट ठरले होते, एजंटची एका महिन्याची दलालीही कबूल केली होती. करारासाठी आधार कार्ड पाठवले आणि संध्याकाळी फोन आला, "मालकांचा विचार बदललाय." आठवड्याने त्याच फ्लॅटची जाहिरात पुन्हा दिसली. जात कुणीच विचारली नाही. विचारायची गरजच पडली नाही.

मित्रांनी सल्ला दिला, पुढच्या वेळी आडनाव सांगू नका, करार होईपर्यंत हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावू नका. सल्ला प्रेमाचा होता. पण हा उपाय नवा नाही. तो स्वतः बाबासाहेबांना, नाइलाजाने, करून पाहावा लागला होता. त्याचे काय झाले हे आपण नीट वाचलेले नाही.

1917 साली बाबासाहेब बडोद्याला गेले. वय 26. कोलंबिया आणि लंडनमधले शिक्षण पाठीशी, संस्थानची नोकरी हातात. फक्त राहायला जागा नव्हती. हिंदू खानावळीत जात लपवून राहणे त्यांना पटेना. ते पारशी धर्मशाळेत गेले. अंगात सदरा-कस्ती नाही हे पाहून रखवालदाराने ओळखले की हा पारशी नव्हे. पण धर्मशाळा रिकामी पडली होती आणि त्यालाही पैसे हवे होते. तोड निघाली : दिवसाला दीड रुपया द्यायचा आणि वहीत पारशी नाव लिहायचे.

लक्षात घ्या, रखवालदाराला माणूस चालत होता, त्याचा पैसाही चालत होता. चालत नव्हते ते फक्त नाव. आजच्या एजंटचे गणित याहून वेगळे आहे का?

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशी जमाव दारात उभा राहिला. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मान निघाले. दोन मित्र होते. एक हिंदू, त्याला घरचे नोकर निघून जातील अशी भीती. दुसरा ख्रिस्ती, तो म्हणाला पत्नीला विचारावे लागेल. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवर हा उच्चविद्याविभूषित अधिकारी कामाठी बागेत बसून राहिला. आज 23 सप्टेंबरला तिथल्या संकल्पभूमीवर हजारो लोक वंदन करायला जातात. आम्हीही जातो. पण वंदन करताना एक गोष्ट आपण विसरतो. तो प्रसंग मुळात भाड्याच्या खोलीचा आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले आहे. त्यातून दोन धडे निघतात. पदवी आणि पगार यांनी दार उघडत नाही, हा एक. दुसरा अधिक कठोर आहे : खोटे नाव अकरा दिवस पुरते, आणि ते उघडे पडते तेव्हा माणूस एकटा असतो. आपल्या काळात अकरा दिवसांच्या जागी अकरा महिन्यांचा करार आला आहे, एवढाच फरक.

मग मुंबईत बाबासाहेब कुठे राहिले? परळच्या बीआयटी चाळीत, वीसहून अधिक वर्षे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या या चाळी. मालक कुणी शेठ नव्हता, सार्वजनिक संस्था होती. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हाही त्यांचे घर हेच. राजगृह त्यानंतरचे.

सार्वजनिक मालकीने जात संपली असे आम्ही म्हणत नाही. 1920 च्या दशकात सरकारनेच बांधलेल्या वरळीच्या बीडीडी चाळींत 1974 मध्ये दंगल पेटली, आपल्या वस्तीवर हल्ले झाले. पण सरकारी खोली कुणा एका मालकाचा 'विचार बदलला' म्हणून जात नव्हती. पाय रोवायला तेवढी जमीन होती आणि त्या जमिनीवरच चळवळ उभी राहिली.

बाबासाहेबांनी तरुणांसाठी काय केले हेही पाहा. "नाव लपवा" असे सांगितले नाही. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1925 मध्ये सभेचे वसतिगृह सोलापुरात उघडले. पुढे वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारात राहणाऱ्या मुलांमधून दलित पँथर घडली. वसतिगृह म्हणजे अशी खोली, जिथे पूर्ण नाव सांगूनच प्रवेश मिळतो.

म्हणूनच स्वाधार योजनेबद्दल आम्हाला प्रश्न पडतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला सरकार राहण्या-जेवण्याचे पैसे देते. पैसे हवेतच, आणि वेळेवर हवेत. पण पैसे म्हणजे खोली नव्हे. बडोद्यात बाबासाहेबांच्या खिशातही दिवसाचा दीड रुपया होता! ज्या बाजारात आडनावावर दार बंद होते, त्या बाजारात मुलांना रोख रक्कम देऊन सोडणे म्हणजे वसतिगृह बांधण्याच्या जबाबदारीतून सुटका करून घेणे.

"घर माझे, कुणाला द्यायचे ते मी ठरवणार," असे मालक म्हणतात. पण ही खाजगी आवड नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरात सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी घरांची चौकशी केली. 2015 मध्ये निष्कर्ष आले : सवर्ण नावाला होकार, दलित आणि त्याहून अधिक मुस्लिम नावाला नकार किंवा वाढीव अटी. आवड प्रत्येकाची वेगळी असते. सगळ्यांची 'आवड' एकाच दिशेला झुकते तेव्हा तिला जातिव्यवस्था म्हणतात.

कायदा काय सांगतो? संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते आहेत, भाड्याचे घर नाही. पण कलम 17 आहे. आणि 1955 च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम 4 मध्ये, कुठल्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचे कलम 12 सांगते की, या कायद्याखालचा गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला असेल, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे.

आम्ही त्या वेळी काहीच केले नाही. दुसरे घर शोधले, गप्प बसलो. आज ती चूक वाटते. मेसेज जपून ठेवायला हवे होते. त्याच फ्लॅटसाठी एखाद्या सवर्ण मित्राला चौकशी करायला लावून उत्तर नोंदवायला हवे होते. एकट्याने हे जमत नाही. प्रत्येक शहरातल्या आपल्या संघटनेने अशा नकारांची वही ठेवली, तर दहा तरुणांचा अपमान एक पुरावा होईल.

बडोद्याच्या वहीत बाबासाहेबांना दुसऱ्याचे नाव लिहावे लागले. आपल्या वहीत आपण आपलेच नाव लिहू. पूर्ण नाव.

जय भीम!