खंडाळ्याची यादी

संवर्धनशास्त्र शिकताना आमच्यासमोर आधी धोक्याचे आकडे आले, झाडांची नावे नंतर. क्रम उलटा हवा, हे मला खंडाळ्यात कळले.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणारे स्पॅनिश जेझुइट फादर एच. सांतापाव वर्षानुवर्षे हा घाट धुंडाळत होते. त्यांचे ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ १९५३ साली प्रसिद्ध झाले. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात अख्ख्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सूची छापली होती; सांतापावांनी एकच डोंगरपट्टा निवडला आणि साध्या तणालाही त्यात जागा दिली.

या कामाचे मोल मला कारवीने पटवले. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि वाळून जाते. तीन वर्षांच्या पदवीत तिचा फुलोरा दिसेलच असे नाही. मधल्या काळात त्या उतारावर बंगला उभा राहिला, तर इथे कारवी होती हे सांगणार कोण?

२००२मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, लोणावळ्यात बंगले वाढत गेले. काय गेले ते मोजायचे, तर आधी काय होते ते कुणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. म्हणून दर पावसाळ्यात मीही वही घेऊन घाटात जातो. तारीख, जागा, झाड. एवढेच लिहितो.