चांदवड तालुका : प्रशासकीय स्थित्यंतरे

चांदवड : नाशिक जिल्ह्यातील एक तालुका व त्याचे मुख्य ठाणे, जुन्या इंग्रजी दप्तरांत चांदोर. मुंबई-आग्रा मार्गावर, नाशिकच्या ईशान्येस सुमारे ६५ किमी. अंतरावर, सातमाळा रांगेच्या दक्षिण पायथ्याशी हे गाव वसले आहे. गोदावरीखोऱ्यातून खानदेशात उतरणारी वाट येथूनच डोंगर ओलांडते, आणि या मुलखाचा कारभार कोणत्या सुभ्याकडे, कोणत्या कलेक्टराकडे वा कोणत्या जिल्ह्याकडे असावा, हा प्रश्न प्रत्येक राजवटीत त्या डोंगराच्या साक्षीनेच सोडवला गेला. नवव्या शतकातील यादव राजा दृढप्रहार याची राजधानी चंद्रादित्यपूर म्हणजे हेच चांदवड, असे अभ्यासक मानतात.

पुढे हा मुलूख मोगलांकडे आणि नंतर होळकरांकडे गेला; मोगल अमलाचा ठसा होळकरशाहीतही टिकून राहिला. होळकरांच्या टांकसाळीतून पडणाऱ्या चांदवडी रुपयावर बादशहा शाह आलमचे नाव आणि ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे फारसी अक्षरांत ठाण्याचे नाव असे. मुलूख होळकरांचा, नाणे बादशहाच्या नावाचे, असा तो काळ होता. अहिल्याबाईंच्या काळातील रंगमहाल आणि डोंगरकड्यातील रेणुकामातेचे देवस्थान या दोहोंवरून होळकरांना या गावाविषयी किती जिव्हाळा होता, हे आजही डोळ्यांनी पाहता येते.

चांदवड इंग्रजांकडे गेले ते पेशवाईच्या अस्ताबरोबर, असे सरसकट लिहिले जाते. परंतु ते पुरते बरोबर नाही. महिदपूरच्या लढाईनंतर, ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहान्वये होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख सोडला, आणि त्या तहामुळे चांदवडचा किल्ला इंग्रज सेनापती हिस्लॉप याच्या हवाली झाला. ज्या ठाण्याचा संबंध पुण्यापेक्षा इंदूरशी अधिक निकटचा होता, त्याचा इतिहास पुण्याच्या इतिहासात विरघळवून टाकणे अन्यायाचे होईल. पुढे नव्या व्यवस्थेत चांदवडच्या डोंगररांगेलाच हद्द मानून तिच्या उत्तरेचा प्रदेश खानदेश कलेक्टरीत व दक्षिणेचा अहमदनगर कलेक्टरीत घालण्यात आला. त्यामुळे अहमदनगरच्या कलेक्टराच्या हाताखाली आलेल्या चांदवडच्या रयतेला जमाबंदीबाबत वरिष्ठांकडे दाद मागण्यासाठी गोदावरी ओलांडून दूर दक्षिणेस जावे लागे. मध्यंतरी नाशिकला दुय्यम कलेक्टरी स्थापून ही अडचण काही अंशी दूर केली गेली, आणि १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा डोंगराच्या दोन्ही अंगांचे तालुके, म्हणजे अलीकडचे चांदवड, निफाड, येवले आणि पलीकडचे मालेगाव, बागलाण, एकाच जिल्ह्यात आले. अर्ध्या शतकाची ही हद्द अशा रीतीने जिल्ह्याच्या पोटात गेली.

चांदवडच्या महत्त्वाला खरा धक्का मात्र कोणत्याही फर्मानाने दिला नाही. तो लोहमार्गाने दिला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा रस्ता घाट टाळून मनमाडवरून गेला आणि व्यापार त्याच्यामागे निघून गेला. त्या काळी मनमाड चांदवड तालुक्यातच मोडत असे; आज ते नांदगाव तालुक्यात आहे, म्हणजे चांदवडने आपली पेठ आधी रुळांना आणि नंतर शेजारच्या तालुक्याला दिली.

इलाख्याचा मुंबई प्रांत, प्रांताचे राज्य, १९५६ चे द्वैभाषिक आणि १ मे १९६० चा महाराष्ट्र या वरच्या उलथापालथींत सातबाऱ्याच्या माथ्यावरील ‘तालुका चांदवड, जिल्हा नाशिक’ ही अक्षरे तशीच राहिली. १९६२ पासून जिल्हा परिषदेखाली पंचायत समिती आली. चांदवड तालुक्यावर विलयाचा प्रसंग आला नाही.

सांप्रत चांदवड हे उपविभागीय महसुली ठाणे असून देवळा तालुकाही त्याच्या कक्षेत येतो. हेच दोन तालुके मिळून चांदवड विधानसभा मतदारसंघ होतो आणि तो दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मोडतो. गावचा कारभार ग्रामपंचायतीकडून आता नगरपरिषदेकडे आला आहे. मालेगाव स्वतंत्र जिल्हा करावा, ही मागणी अनेक दशकांची आहे. ती मान्य होईल तेव्हा डोंगराच्या अलीकडील चांदवड कोणीकडे जाणार, हे जिल्हा ठरवणाऱ्यांनी नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी तेथील रयतेला विचारले पाहिजे.