जुन्या कपड्यांचा बाजार ते ऑनलाइन लिलाव : नवख्या विक्रेत्याच्या विश्वासार्हतेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी वस्त्र हे इतिहासाच्या बहुतांश कालखंडात एका व्यक्तीपुरते मर्यादित नव्हते. यंत्रयुगापूर्वी कापड महाग होते, त्यामुळे अंगावरचा कपडा ही एक प्रकारची बचतच होती. तो वारसाने दिला जाई, गहाण पडे, चोरीस जाई आणि पुन्हा पुन्हा विकला जाई. असे असूनही नव्या कापडाचे उत्पादन व निर्यात यांकडे इतिहासकारांनी जितके लक्ष दिले, तितके वापरलेल्या कपड्यांच्या विक्रीकडे दीर्घकाळ दिले गेले नाही. १९८० च्या दशकापासून बेव्हर्ली लेमायर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही उणीव काही अंशी भरून काढली.

१९९५ नंतर इंटरनेटवरील लिलावामुळे या जुन्या व्यापाराला नवे रूप मिळाले. ज्याने आयुष्यात कधी काही विकले नव्हते, अशी व्यक्तीही आपल्या कपाटातील कोट दूरच्या अनोळखी ग्राहकाला विकू लागली. हा बदल केवळ तंत्रज्ञानाचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात मात्र त्याचा विचार विश्वासाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. औद्योगिकपूर्व व औद्योगिक काळातील जुन्या कपड्यांच्या बाजारात विश्वासाचा प्रश्न कसा सोडवला जात होता, हे पाहणे.
२. ऑनलाइन लिलावाने नवख्या विक्रेत्यासमोरील कोणते अडथळे दूर केले व कोणते नवे निर्माण केले, याचा शोध घेणे.
३. लिलावाची पद्धत मागे पडल्यानंतर नवख्या विक्रेत्याचे स्थान कसे बदलले, याची चर्चा करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

हा अभ्यास ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. विवेचन प्रामुख्याने इंग्लंड व अमेरिका या देशांपुरते मर्यादित आहे. भारताचा उल्लेख तुलनेसाठी केला आहे.

विषय विवेचन :

१. जुना बाजार : हाताची पारख आणि फसवणुकीची कला

मध्ययुगीन इटलीत, विशेषतः फ्लॉरेन्स व व्हेनिस या नगरांत, जुन्या कपड्यांचे व्यापारी श्रेणींमध्ये संघटित होते. श्रेणीचे सदस्यत्व हीच विक्रेत्याची ओळख असे. अर्थात बाहेरच्या माणसाला या व्यापारात सहज प्रवेश नव्हता. लंडनमध्ये याउलट स्थिती होती. टॉवरनजीकच्या रोझमेरी लेनमध्ये भरणारा 'रॅग फेअर' अठराव्या शतकात प्रसिद्ध होता. तेथे फेरीवाले व गरीब स्त्रिया कपड्यांची उघड्यावर विक्री करीत. या बाजारात प्रवेश सोपा होता, पण त्याची ख्याती चोरीचा माल खपण्याचे ठिकाण अशीच होती. कपडा हा सहज लपवता येणारा व चटकन रोकड मिळवून देणारा माल होता, हे लेमायर यांनी दाखवून दिले आहे.

अविश्वासाचे दुसरे कारण आरोग्याचे होते. १६६५ च्या प्लेगच्या साथीत लंडनच्या नगर प्रशासनाने संसर्गित घरांतील अंथरूण व वस्त्रे बाहेर नेण्यास मनाई केली आणि जुन्या कपड्यांच्या दलालांवर निर्बंध घातले. ज्याच्या अंगाला कपडा लागला तो माणूस कोण होता, ही शंका या व्यापाराच्या पाठीशी तेव्हापासून आहे. आजही ई-बेच्या नियमानुसार वापरलेला कपडा विक्रीपूर्वी स्वच्छ केलेला असावा लागतो व वापरलेली अंतर्वस्त्रे विकता येत नाहीत.

तिसरे कारण मालाच्या दर्जाचे होते. हेन्री मेह्यू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या श्रमिकांचे जे विस्तृत वर्णन केले, त्यात हाउंड्सडिच येथील जुन्या कपड्यांचा बाजार आहे, तसेच विटक्या काळ्या कोटाला रंग चढवून तो नव्यासारखा भासवणारे कारागीरही आहेत. डागडुजी आणि लबाडी यांच्यातील सीमारेषा पुसट होती. अशा बाजारात ग्राहकाचे एकच साधन होते, ते म्हणजे त्याचा हात. कापड चिमटीत धरून, शिवण उलटून, उजेडात धरून पाहिल्याखेरीज कोणी पैसे देत नसे. अनुभवी व्यापारी हीच पारख विकत घेताना वापरी. नवख्याला ती नसल्याने तो कपडा स्वस्तात देऊन बसे.

आपल्याकडील बोहारणीचा व्यवहारही याच जातीचा आहे. दारात आलेली बोहारीण साडी उलगडते, काठ व पदर तपासते आणि मग पातेले द्यायचे की डबा, यावर घासाघीस सुरू होते. गृहिणी ही येथे विक्रेती असते, पण आपल्या साडीची बाजारातील किंमत तिला ठाऊक नसते. ती बोहारणीला ठाऊक असते. या व्यवहारातील विषमता तेथेच आहे.

२. 'ऑक्शनवेब'चा उदय

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिडियार या संगणकतज्ज्ञाने कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका नादुरुस्त लेझर पॉइंटरचा उल्लेख केला जातो. तो १४.८३ डॉलरना गेला. १९९७ मध्ये या संकेतस्थळाचे नाव 'ई-बे' असे झाले.

लिलावाची पद्धत कपड्यांना नवी नव्हती. जून १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे क्रिस्टीज या संस्थेने युवराज्ञी डायना यांच्या ७९ पोशाखांचा लिलाव केला व त्यातून ३२ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. परंतु तेथे मूळ मालकिणीचे नाव आणि लिलावसंस्थेची प्रतिष्ठा हीच हमी होती. ऑनलाइन लिलावातील सामान्य विक्रेत्याजवळ या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

तरीही लिलाव नवख्याला सोयीचा ठरला. आपल्या कोटाची किंमत किती, हे त्याला आधी ठाऊक असण्याची गरज उरली नाही. त्याने फक्त प्रारंभिक बोली ठरवायची, उर्वरित काम ग्राहकांची स्पर्धा करणार. ई-बेच्या पद्धतीत ग्राहक आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने आवश्यक तेवढीच बोली वाढवते. समजा, एकाने २० डॉलर व दुसऱ्याने १५ डॉलर ही मर्यादा नोंदवली आणि बोलीवाढ अर्ध्या डॉलरची असली, तर पहिल्याला तो कपडा १५.५० डॉलरला मिळेल. विल्यम विकरे यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या सर्वोच्च किमतीच्या लिलावाशी हे तत्त्व मिळतेजुळते आहे. बोहारणीच्या दारातील विषमता येथे काही प्रमाणात दूर झाली. जाणकार ग्राहक दोन असतील, तर त्यांचे ज्ञान अज्ञानी विक्रेत्याच्याही कामी येऊ लागले.

मात्र 'दोन असतील तर' ही अट महत्त्वाची आहे. एकच बोली आली, तर कपडा प्रारंभिक किमतीलाच जातो. कमी किमतीपासून सुरुवात करून गर्दी जमवावी की किमान किंमत राखून ठेवावी, हा नवख्यापुढील पहिला पेच याच अटीतून निर्माण झाला. त्यात अनेक बोली अखेरच्या क्षणी येतात, हे अल्विन रॉथ व अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. ही युक्तीही जुनीच आहे. सतराव्या शतकातील लंडनमध्ये मेणबत्ती विझेपर्यंत चालणाऱ्या लिलावात धूर खाली वळताच बोली लावणाऱ्या एका चतुर ग्राहकाची नोंद सॅम्युअल पेपिस यांच्या दैनंदिनीत आहे.

३. हाताच्या जागी शब्द

ऑनलाइन विक्रीत ग्राहकाचा हात कापडापर्यंत पोहोचत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले होते, की विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर चांगला मालही बाजारातून बाहेर पडू लागतो. या न्यायाने वापरलेल्या कपड्यांची ऑनलाइन विक्री होणेच कठीण होते. ती झाली, कारण स्पर्शाची जागा वर्णनाने घेतली. डाग, झिजलेली कॉलर, बदललेले बटण यांचे छायाचित्र देणे आणि दोष आधीच सांगणे हा व्यवहारातील शिष्टाचार बनला. मेह्यूच्या काळातील विक्रेत्याचे कौशल्य दोष झाकण्यात होते, तर येथे दोष उघड करणे लाभाचे ठरले.

मापाचा प्रश्न याहून अवघड होता. अमेरिकेत स्त्रियांच्या तयार कपड्यांसाठी १९५८ मध्ये प्रमाणित मापे प्रसिद्ध झाली, १९७० मध्ये ती ऐच्छिक झाली आणि १९८३ मध्ये मागे घेण्यात आली. त्यामुळे एकच मापक्रमांक वेगवेगळ्या दशकांतील कपड्यांवर वेगवेगळा अर्थ सांगतो. अनुभवी विक्रेते कपडा सपाट पसरून छाती, कंबर व लांबी टेपने मोजून देत. नवखा विक्रेता केवळ लेबलवरचा अंक देई आणि परत आलेल्या पार्सलातून धडा शिके.

४. नवखेपणाची किंमत

फेब्रुवारी १९९६ मध्ये ओमिडियार यांनी ग्राहक व विक्रेते यांना परस्परांविषयी जाहीर अभिप्राय नोंदवण्याची सोय केली. श्रेणीचे सदस्यत्व किंवा गल्लीतील ओळख यांची जागा आता नावापुढील एका अंकाने घेतली. पण नवख्याचा अंक शून्य होता. एरिक फ्रीडमन व पॉल रेझनिक यांनी २००१ मध्ये असे प्रतिपादन केले, की जेथे नाव बदलणे सोपे असते, तेथे प्रत्येक नव्या नावाकडे संशयाने पाहिले जाणे अटळ असते. लबाड माणूस जुने नाव टाकून नव्याने येऊ शकतो, म्हणून प्रामाणिक नवख्यालाही त्याचा भुर्दंड सोसावा लागतो.

हा भुर्दंड किती, हे रेझनिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोजले. जुन्या पोस्टकार्डांचे सारखेच संच एका प्रस्थापित विक्रेत्याच्या नावाने व काही नव्या नावांनी विकले असता, ग्राहक प्रस्थापित नावाला सरासरी ८.१ टक्के अधिक किंमत देण्यास तयार असल्याचे दिसले. प्रयोग पोस्टकार्डांचा होता. कपड्यांच्या बाबतीत माप व पोत यांची अनिश्चितता अधिक असल्याने तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, परंतु दिशा स्पष्ट होते. अनेक नवखे लोक आधी किरकोळ खरेदी करून अभिप्राय मिळवत व नंतर विक्रीकडे वळत, कारण खरेदीचे अभिप्रायही त्याच नावाखाली जमा होत. उमेदवारी संपली नव्हती, तिचे केवळ स्वरूप बदलले होते.

५. लिलावाची पीछेहाट

२००२ मध्ये ई-बेने पेपाल ही कंपनी विकत घेतली व टपालाने येणाऱ्या धनादेशाची वाट पाहण्याची गरज कमी झाली. याच काळात छंदातून व्यवसाय उभे राहिले. सोफिया अमोरुसो यांनी २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथून जुने कपडे ई-बेवर विकण्यास प्रारंभ केला. आठ डॉलरना घेतलेले शनेलचे जाकीट आपण एक हजार डॉलरना विकले, असे त्यांनी २०१४ मधील पुस्तकात म्हटले आहे. २००८ मध्ये त्यांनी स्वतःचे संकेतस्थळ काढले, नव्या कपड्यांकडे मोर्चा वळवला, आणि २०१६ मध्ये त्यांच्या कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. या उदाहरणात नवख्याचे यश जितके आहे, तितकेच पारख असलेल्या व्यापाऱ्याचे पुनरागमनही आहे. जाकिटाची खरी किंमत ते दान करणाऱ्याला ठाऊक नव्हती. बोहारणीच्या दारातील विषमता येथे पुन्हा दिसते.

२००० मध्ये सुरू झालेली निश्चित किमतीची विक्री पुढील दशकात लिलावावर मात करू लागली. २००८ मध्ये विक्रेत्यांचा ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. लिलावाचे किंमत शोधून देण्याचे कार्य मागे पडताच किंमत ठरवण्याचा भार पुन्हा नवख्यावर आला. भारतात ई-बेने २००४ मध्ये 'बाझी डॉट कॉम' विकत घेऊन प्रवेश केला. २०१७ मध्ये येथील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला व २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले.

मात्र ही वाटचाल एकाच दिशेची नाही. एप्रिल २०२४ मध्ये ई-बेने ब्रिटनमधील खाजगी विक्रेत्यांसाठी वापरलेल्या कपड्यांवरील विक्रीशुल्क रद्द केले. ज्याच्या कपाटात कपडे आहेत पण नावावर अभिप्राय नाहीत, अशा माणसावाचून हा बाजार चालत नाही, याचीच ही कबुली म्हणावी लागेल.

निष्कर्ष :

१. वापरलेल्या कपड्यांच्या व्यापारातील मूळ प्रश्न मालाचा नसून माहितीचा आहे. श्रेणी, हाताची पारख व अभिप्रायाचा अंक ही त्याची कालानुरूप उत्तरे आहेत.
२. ऑनलाइन लिलावाचे खरे योगदान म्हणजे मालाची किंमत ठाऊक नसलेल्या विक्रेत्यालाही त्याने स्पर्धेचा लाभ मिळवून दिला. हा लाभ पुरेसे ग्राहक असतील तरच मिळतो.
३. प्रवेश खुला झाला, तरी विश्वास खुला झाला नाही. नवखेपणाची किंमत प्रत्येक काळात द्यावी लागली.
४. प्रामाणिक वर्णन, अचूक मापे व स्वच्छ कपडा ही तीन साधने नवख्याच्या हाती आजही आहेत. तिन्हींना भांडवल लागत नाही, श्रम लागतात.

रॅग फेअरमधील गरीब स्त्रीला तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारा ग्राहक मिळणे दुर्मीळ होते. तिच्या आजच्या वारसदाराला तो मिळू शकतो, एवढा फरक तीन शतकांत निश्चितच पडला आहे. हा फरक टिकवायचा, तर बाजाराचे नियम करताना प्रस्थापित विक्रेत्याइतकाच पहिल्यांदा विकणाऱ्याचाही विचार व्हायला हवा.