तारेवरचें संगीत

पॅरिस येथें १८८१ सालीं विजेचें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, तेव्हां त्यांतील एका दालनापुढें संध्याकाळीं माणसांची रांग लागत असे. आंत पाहण्यासारखें फारसें कांहींच नव्हतें. भिंतीशीं टेलिफोनचे रिसीव्हर टांगलेले होते. प्रत्येकानें दोन रिसीव्हर उचलून दोन्ही कानांस लावावयाचे आणि दोन किलोमीटरांहून अधिक अंतरावरील ऑपेरागृहांत त्याच क्षणीं चाललेलें गाणें ऐकावयाचें, एवढाच तो प्रकार. क्लेमां आदेर नांवाच्या फ्रेंच इंजिनिअरनें रंगमंचाच्या डाव्या व उजव्या अंगांस ध्वनिग्राहक बसविले होते. त्यामुळें गायक रंगमंचावर इकडून तिकडे चालूं लागला कीं त्याचा आवाजहि ऐकणाराच्या एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरकल्याचा भास होई. वृद्ध व्हिक्टर ह्यूगोनेंहि आपल्या नातवंडांसमवेत हें तारेवरचें गाणें त्याच वर्षीं ऐकलें, आणि या नवलाची नोंद त्यानें आपल्या टिपणांत करून ठेविली.

नवलाचा व्यापार व्हावयास पुढें नऊ वर्षें लागलीं. १८९० सालीं ‘थेआत्रोफोन’ या नांवाची कंपनी निघाली व हॉटेलें, कॅफे अशा ठिकाणीं तिचीं यंत्रें बसलीं. अर्धा फ्रँक टाकला कीं पांच मिनिटें गाणें ऐकूं येई, एक फ्रँक टाकला कीं दहा मिनिटें. तान कितीहि रंगांत आलेली असो, मुदत भरली कीं ती तेथेंच तुटे. ज्यांची ऐपत असे ते वर्गणी भरून घरीं तार घेत. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा असाच एक वर्गणीदार. प्रकृतीमुळें त्याला बाहेर पडणें अवघड होई. १९११ पासून तो आपल्या खोलींत पडल्या पडल्या वाग्नर आणि दब्युसी यांचे ऑपेरा तारेवरून ऐकूं लागला. १९३२ सालीं कंपनीनें आपलें काम थांबविलें. तोंपर्यंत रेडिओ आणि ग्रामोफोन यांनीं तिचे श्रोते नेले होते. कंपनी मिटली त्या दिवशीं वर्गणीदारांच्या घरांत काय उरलें? भिंतीवर एक मुकी तार उरली. चार दशकें श्रोत्यांनीं पैसे मोजले ते जोडणीचे. गाणें ऑपेरागृहांतच राहिलें होतें.

ग्रामोफोनची गोष्ट अगदीं निराळी होती. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, तेव्हांपासून या देशांत तबकडी घरोघर जाऊं लागली. किल्ली फिरविली, सुई टेकविली कीं गाणें सुरू. त्याला ना वीज लागे ना तार. बालगंधर्वांच्या किंवा मास्टर दीनानाथांच्या नाट्यपदांची तबकडी एकदां विकत घेतली कीं ती त्या कुटुंबाची झाली. नाटक मंडळ्या बुडाल्या, रेकॉर्ड कंपन्यांचीं नांवें बदललीं, मालक बदलले, तरी ट्रंकेंत कापडांत गुंडाळून ठेविलेल्या तबकडीस त्याची वार्ताहि नव्हती. जुन्या मराठी गायकांचें आज जें कांहीं ऐकावयास मिळतें, त्यांतील पुष्कळसें अशा खाजगी संग्रहांमुळेंच टिकलें आहे.

तारेचा मोह मात्र माणसाला सुटला नाहीं. अमेरिकेंत थॅडियस केहिल या गृहस्थानें १८९७ सालीं एका विलक्षण यंत्राचें पेटंट घेतलें. त्याचें नांव टेलहार्मोनियम. यांत गायक नाहीं, वादक पेटीपुढें बसलेला, परंतु पेटींतून स्वर निघण्याऐवजीं निरनिराळ्या वेगानें फिरणाऱ्या डायनामोंतून निरनिराळ्या कंपनसंख्येचे विद्युत्प्रवाह निघत, आणि ते टेलिफोनच्या तारांतून घरोघर जाऊन तेथील रिसीव्हरास लावलेल्या कर्ण्यांतून स्वररूप घेत. त्या काळीं क्षीण प्रवाह वाढविणारें साधन उपलब्ध नव्हतें. म्हणून मूळ प्रवाहच प्रचंड निर्माण करावा लागे. परिणामीं न्यूयॉर्कला १९०६ सालीं उभें राहिलेलें हें वाद्य सुमारे दोनशें टन वजनाचें होतें. एखादें वाद्य वाजविण्यासाठीं कारखाना उभारावा, असें उदाहरण संगीताच्या इतिहासांत विरळाच. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्रीं मार्क ट्वेननें आपल्या घरीं जमलेल्या पाहुण्यांस हें तारेवरचें संगीत मोठ्या कौतुकानें ऐकविलें. पण हा बलाढ्य प्रवाह शेजारच्या तारांतहि घुसे, आणि व्यवहाराचें बोलणाऱ्या गृहस्थांच्या कानांत मध्येंच सुरावट उमटूं लागे. टेलिफोनवाल्यांच्या तक्रारी वाढल्या, वर्गणीदार घटले. १९०८ सालीं न्यूयॉर्कचा हा उद्योग बंद पडला, पुढें १९१४ सालीं कंपनीचें दिवाळें निघालें. त्या यंत्राच्या आवाजाची एकहि तबकडी शिल्लक नाहीं. हजारों लोकांनीं ऐकलेलें संगीत आतां केवळ वर्णनांत आहे.

एडवर्ड बेलमी याची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी १८८८ सालची. तींत इसवी सन २००० मधील शहरांत घरोघर तारेवरून अहोरात्र संगीत येतें असें कल्पिलें आहे. लेखकाचा अंदाज सालासकट बराच खरा ठरला, हें येथें जातां जातां नमूद करावयास हरकत नाहीं.

संगणकावर येतां येतां वाजणारें संगीत सर्वसामान्यांपर्यंत पोहोंचविण्याचें काम सिएटलच्या एका कंपनीनें १९९५ सालीं केलें. तिचें नांव प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स व तिच्या साधनाचें नांव रिअलऑडिओ. तत्पूर्वीं इंटरनेटवरून गाणें मिळवावयाचें म्हणजे तें सबंध उतरवून घेईपर्यंत ताटकळत बसावें लागे. ऐकण्यास लागणाऱ्या वेळाहून आणण्याचा वेळच जास्त. या नव्या साधनानें गाणें येतां येतांच वाजूं लागलें. युक्ति साधी होती. नळाची धार कमीजास्त होत असली तरी खालीं हंडा भरून ठेवला कीं वाढणाराला पाणी अखंड मिळतें. त्याप्रमाणें पुढील कांहीं सेकंदांचा ध्वनि आधींच साठवून ठेवावयाचा आणि त्यांतून वाजवीत राहावयाचें. हंडा रिकामा झाला कीं गाणें थांबे व श्रोता पडद्याकडे पाहत बसे. वाजून झालेलें पाणी मात्र वाहून जाई. घरांत साठा होत नसे.

२००० च्या जानेवारींत एमपीथ्री डॉट कॉम या अमेरिकन कंपनीनें एक पाऊल पुढें टाकलें. श्रोत्यानें आपल्या मालकीची तबकडी एकदां संगणकांत घालून दाखवावी. कंपनीचें सॉफ्टवेअर ती ओळखी, आणि त्यानंतर तींतील गाणीं कंपनीच्या भांडारांतून कोठूनहि ऐकतां येत. अडचण इतकीच होती कीं त्या भांडारासाठीं कंपनीनें हजारों तबकड्या स्वतः विकत घेऊन परवानगीवांचून उतरवून ठेवल्या होत्या. न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा निकाल त्याच वर्षीं तिच्या विरुद्ध गेला, आणि एकट्या युनिव्हर्सल कंपनीस ५ कोटि ३४ लाख डॉलर द्यावे लागले. पुढें तिचे मालक बदलले, आणि २००३ च्या डिसेंबरांत तिच्या सर्व्हरांवरील गाणीं पुसून टाकण्यांत आलीं. अनेक होतकरू गायकांनीं आपण होऊन तेथें ठेवलेलें संगीतहि त्यांत गेलें.

यापेक्षांहि बोधप्रद प्रकार २००८ सालीं घडला. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्यूझिक या दुकानांतून लोकांनीं गाणीं रोख पैसे देऊन घेतलीं होतीं. फाईल त्यांच्या संगणकांत होती. परंतु तिला कुलूप होतें आणि नव्या संगणकासाठीं किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरूनच मिळे. ३१ ऑगस्टनंतर किल्ल्या देणें बंद करण्याची घोषणा त्या वर्षीं झाली. एवढा ओरडा झाला कीं ही मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवावी लागली. याहूच्या दुकानानेंहि त्याच वर्षीं तीच वाट धरली व गिऱ्हाइकांस भरपाई देऊं केली. पेटी घरांत आणि किल्ली सावकाराकडे, अशी ही खरेदी होती.

सतत जोडणी हवी ती कशासाठीं, असा प्रश्न येथें कोणीहि विचारील. उत्तर हिशोबांत आहे. १९९९ सालीं नॅपस्टर निघाल्यापासून गाण्यांच्या नकला फुकट वाटल्या जाऊं लागल्या, आणि रेकॉर्ड कंपन्यांचा धीर सुटला. तबकडीवर मोबदला एकदांच, विक्रीच्या वेळीं मिळे. नव्या व्यवस्थेंत तो प्रत्येक ऐकण्यामागें मोजावयाचा ठरला, आणि मोजावयाचें तर ऐकणाराच्या यंत्रानें कंपनीकडे वर्दी देत राहिलें पाहिजे. स्टॉकहोमची स्पॉटिफाय ही कंपनी २००६ सालीं स्थापन झाली व ऑक्टोबर २००८ मध्यें तिनें आपलें सॉफ्टवेअर युरोपांतील कांहीं देशांत खुलें केलें. तेथें गाणें तीस सेकंद वाजलें कीं वहींत एक आंकडा चढतो. पहिल्या वर्षांत जोडणीवांचून त्या वादकयंत्रास वाजतांच येत नसे. २००९ च्या सप्टेंबरांत पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांना मोबाइलवर गाणीं उतरवून ठेवण्याची मुभा मिळाली. तथापि तीस दिवसांतून एकदां तरी यंत्रानें जोडणी करून हजेरी लाविलीच पाहिजे, नाहीं तर उतरविलेलीं गाणीं उघडत नाहींत, असा नियम आहे.

शहरांतल्या श्रोत्यास हा नियम जाणवतहि नाहीं. एका तबकडीच्या किंमतींत महिनाभर कोट्यवधि गाणीं मिळतात, आणि परदेशीं गेलेल्या मुलास पुण्यांतील आजीच्या आवडीचें पद त्याच क्षणीं ऐकतां येतें. हें सुख लहान नव्हे, आणि त्याची थट्टा करण्यांत अर्थ नाहीं. पण ८ मार्च २०२२ रोजीं एका दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रणेंत बिघाड झाल्यामुळें जगभर स्पॉटिफाय कांहीं काळ बंद पडलें. काश्मीरमध्यें ऑगस्ट २०१९ मध्यें इंटरनेट तोडण्यांत आलें तें मोबाइलवर मंद गतीनें परत आलें जानेवारी २०२० च्या अखेरीस, आणि वेगवान जोडणी तेथें फेब्रुवारी २०२१ मध्यें मिळाली. अशा ठिकाणीं तीस दिवसांच्या हजेरीचा अर्थ काय होतो, हें फोड करून सांगावयास नको.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं संबंध आला तो एका अस्सल मराठी नांवानें. २००७ सालीं दोघा शिंदे बंधूंनीं ‘धिंगाणा’ ही संगीतसेवा सुरू केली. तिचें काम पुण्यांत व कॅलिफोर्नियांत चाले. हिंदी चित्रपटगीतांबरोबर मराठी व इतर अनेक भारतीय भाषांतील गाणीं तेथें ऐकावयास मिळत, आणि मुलुखाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना तिचा मोठा आधार होता. लोकांनीं तेथें आपापल्या याद्या रचल्या: भूपाळ्यांची निराळी, लग्नघराची निराळी, वडिलांच्या आवडीची निराळी. २०१४ च्या आरंभीं एका मोठ्या संगीतकंपनीशीं असलेल्या कराराचें नूतनीकरण झालें नाहीं आणि सेवा बंद पडली. मार्चमध्यें आर्डिओ या अमेरिकन कंपनीनें ती विकत घेतली. त्या आर्डिओनेंच नोव्हेंबर २०१५ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची मालमत्ता साडेसात कोटि डॉलरना पँडोरा कंपनीकडे गेली, आणि २२ डिसेंबरला वादकयंत्र थांबलें. जातां जातां तिनें श्रोत्यांना आपापल्या याद्या उतरवून घेण्याची सोय दिली होती. ज्यांनीं ती घेतली त्यांच्या संगणकांत एक लहानशी फाईल आली. तींत गाण्यांचीं, गायकांचीं आणि तबकड्यांचीं नांवें ओळीनें लिहिलेलीं होतीं.