इंडाइट म्हणजे दोषी नव्हे



काही वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना ग्रँड ज्युरीने 'इंडाइट' केलं. पुण्याहून आईचा फोन आला, "काय रे झालं?" मी घाईत सांगून टाकलं, "दोषी ठरले." आठवड्याभरात ते त्यांच्या नातेवाइकांत पसरलं. पुढे खटल्यात ते निर्दोष सुटले, पण माझा शब्द काही परत आला नाही. तेव्हापासून या क्रियापदाचा इतिहास वाचायची खोड लागली.

स्पेलिंगमध्ये 'सी' आहे, पण उच्चार मात्र 'इंडाइट'. शब्द नॉर्मन फ्रेंचमधून आला तेव्हा 'सी' नव्हताच. मूळ लॅटिन आहे हे दाखवायला पंडितांनी तो नंतर घुसवला, लोकांची जीभ मात्र बदलली नाही. 'डिक्टेशन'चं मूळही तेच. म्हणजे मुळात अर्थ एवढाच, की आरोप लेखी मांडणे.

११६६ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने क्लॅरेंडनला फर्मान काढलं: प्रत्येक 'हंड्रेड'मधल्या, म्हणजे साधारण आपल्या परगण्यासारख्या विभागातल्या, बारा भल्या माणसांनी शपथेवर सांगावं, की खून-दरोड्याचा संशय कोणावर आहे. ही ग्रँड ज्युरीची सुरुवात. गुन्हा खरा की खोटा हे ती माणसं ठरवत नसत. त्यासाठी पाण्याचं दिव्य करावं लागे, आपल्याकडे रवादिव्य होतं त्याच जातीचं! म्हणजे बोट दाखवणं वेगळं आणि निवाडा वेगळा, हे तेव्हापासूनच आहे.

पुढे ग्रँड ज्युरी कागदावर 'ट्रू बिल' लिहू लागली. पुरावा पुरेसा नसेल तर 'इग्नोरामस', म्हणजे 'आम्हांस ठाऊक नाही'. मूर्खाला 'इग्नोरामस' म्हणतात तो शब्द इथलाच.

अमेरिकेने १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीत ही पद्धत पक्की केली. फेडरल ग्रँड ज्युरीत १६ ते २३ नागरिक असतात, त्यांतल्या किमान १२ जणांची संमती लागते. कामकाज बंद दाराआड चालतं, आरोपीचा वकील आत नसतो. प्रश्न एकच: खटला चालवण्याइतका आधार आहे का? राज्यांवर मात्र ही सक्ती नाही, असं सुप्रीम कोर्टाने १८८४ मध्येच ठरवलं. खुद्द इंग्लंडने १९३३ मध्ये ग्रँड ज्युरी जवळजवळ मोडीत काढली.

आपल्या मुंबईतही ग्रँड ज्युरी होती, ती १८६५ मध्ये गेली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं ती ज्युरी वेगळी, निवाडा देणारी. आज भारतात पोलीस आरोपपत्र दाखल करतात आणि कोर्ट आरोप निश्चित करतं. 'इंडाइट'ला तंतोतंत जोडीदार आपल्याकडे नाही.

म्हणून माझा साधा नियम: 'इंडाइट' झालं की "आरोप ठेवला" म्हणायचं. 'कन्व्हिक्ट' झालं तरच "दोषी ठरवलं". इंग्रजी लिहिताना गुन्ह्याच्या आधी 'फॉर', कलमांच्या संख्येआधी 'ऑन'.

आईला नंतर सगळं समजावून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "हे आधी त्यांच्या घरी सांग." केला फोन. फार अवघड गेला.