कणगीखालचे चार दगड

आबांच्या बोलण्यात १९५६ साल कधी आलंच नाही. ते म्हणायचे, "चावडीत रेडू आला त्या उन्हाळ्यात." आमचं गाव तेव्हा उत्तर सातारा जिल्ह्यात. गावात वीज नव्हती, यंत्र बॅटरीवर चाले. आठवड्यातून दोनदा, दिवेलागणीनंतर वीसेक माणसं जमत, मास्तर कळ फिरवत आणि पुणे केंद्र लागे.

साल मी पुढे शोधून काढलं. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणी पुण्यानं फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत अशी शेतकरी-मंडळं जमवण्याचा प्रयोग केला होता. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम. ऐका, चर्चा करा, कृती करा, ही रीत कॅनडातल्या शेतकरी-मंडळांकडून आलेली.

आबांना कार्यक्रमापेक्षा त्यानंतरचं आठवायचं. ऐकून उठून जायचं नाही, असा नेम होता. पहिल्या दोन बैठकांत पाटलांच्या आधी कुणी तोंड उघडेना. मग उंदरांचा विषय निघाला. पाटलांचं पेव असो की आमची कणगी, जोंधळा सगळ्यांचाच जात होता. त्या रात्री कंदिलातलं तेल संपेस्तोवर माणसं बोलत राहिली. मास्तरांनी प्रश्न उतरवून पुण्याला धाडले.

त्यातला एक प्रश्न आजीचा होता. मंडळात बाई एकही नव्हती. ती घरातूनच आबांना म्हणाली होती, "इख ठिवा म्हणत्यात, पर घरात रांगतं प्वार हाय. मग करायचं काय, इचारा की!" ते पोर म्हणजे माझे वडील. आबांनी प्रश्न स्वतःचा म्हणून मांडला.

पुण्याहून उत्तर आलं, गावाचं नाव घेऊन. इथं आबांचा आवाज दर वेळी कापायचा. "सायब लोक गावात यिऊन जायचे, पर गावाचं नाव त्येंच्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई. आन् हितं रेडूत…" पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही.

या प्रयोगाची तपासणी टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल नॉयरात यांनी केली. नाझींच्या दाखाउ आणि बुखेनवाल्ड छावण्यांतून सुटलेला हा समाजशास्त्रज्ञ. आमच्याकडच्या चावड्यांतलं बोलणं त्यानं इतक्या आस्थेनं मोजलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडली, असं त्याला दिसलं. १९५९ मध्ये मंडळं देशभर नेली गेली, पुढे ती ओसरली. आज माझ्या फोनवर फवारणीचे सल्ले येऊन पडतात, तेव्हा ती चावडी मला हटकून आठवते.

आजीला मी शेवटी शेवटी विचारलं, उत्तर काय आलं होतं गं?

"कणगी उच्चीव ठिवा म्हनले. खालनं मांजर फिरंल येवढी."

कणगी केव्हाच मोडली. तिच्याखालचे चार दगड अजून माजघरात आहेत.