रवी, जाते आणि जपानी चहा

परवा वर्गात जुन्या चीनमधल्या चहाची गोष्ट निघाली. बोलता बोलता ‘बांबूची रवी’ असे शब्द माझ्या तोंडून गेले, आणि मागल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, रवी म्हणजे काय?’’ मुलगी भूम तालुक्यातली, म्हणजे दुधा-खव्याच्या मुलखातली. मला क्षणभर काही सुचेना.

श्रोतेहो, तो चहा जपानात अजून पितात. त्याला माच्चा म्हणतात. तो उकळत नाहीत, गाळतही नाहीत. पानांचे पीठच पोटात जाते. खुडणीआधी काही आठवडे झाडांवर सावली धरायची, पाने वाफवून वाळवायची, देठ-शिरा काढायच्या आणि दगडी जात्यावर दळायची. तासाला जेमतेम ४० ग्रॅम पीठ पडते. जाते घाईने फिरवले, तर दगड तापतो आणि वास उडतो.

ही रीत मूळची चीनची. सुंग राजवटीत तिथे चहाच्या वड्या कुटून, दळून, गरम पाण्यात घुसळून पीत. आधी चमच्याने, मग बांबूच्या रवीने. सम्राट ह्वेइत्सुंगने ११०७ च्या सुमारास या चहावर ग्रंथच लिहिला. पाणी सात वेळा कसे घालावे, फेस कसा आणावा, सारे त्यात आहे. (पुढे ११२७ मध्ये हा राजा जुर्चेनांच्या हाती सापडला आणि कैदेतच वारला. फेस सांभाळला, राज्य राहून गेले!) ११९१ मध्ये एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू चीनहून जपानला परतला, तो चहाचे बी घेऊन. १२११ मध्ये त्याने चहाच्या गुणांवर पुस्तक लिहिले.

मग १३९१ साल आले. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू हा शेतकऱ्याचा मुलगा. वड्या करण्यात रयत राबून मरते, म्हणून त्याने दरबारी वड्या पाठवणे बंद केले. सुटी पाने चालतील म्हणाला. हुकूम रयतेच्या भल्याचाच होता. पण वड्या गेल्या, तसे दळणे गेले आणि घुसळणेही गेले. ओकाकुरा या जपानी लेखकाने १९०६ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात एक गोष्ट नोंदवली आहे. मिंग काळातल्या एका टीकाकाराला सुंग ग्रंथातली ती रवी दिसायला कशी होती, हेच सांगता येईना! ग्रंथ होता, शब्द होता, वस्तू मात्र कोणी पाहिलेली नव्हती. जपानात ती हातात राहिली. नाराजवळच्या ताकायामा गावी आजही एकाच बांबूच्या तुकड्याचे टोक चिरून तिच्या बारीक काड्या काढतात.

तसली एक रवी स्नेह्याच्या मुलाने मला आणून दिली. दह्याच्या वाडग्यात दोन ग्रॅम पीठ चाळून घेतले, उकळून थोडे निवलेले अर्धी वाटी पाणी ओतले आणि लागलो गरगर फिरवायला. खाली गुठळ्या, वर हिरवे पाणी. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, ‘‘का रं, रवी काय एकाच अंगानं फिरती व्हय?’’

खरेच की! आपली रवीही दोरीने एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते. मग मनगट सैल सोडून मागे-पुढे, मागे-पुढे झपाझप हलवले. काड्या तळाला घासू दिल्या नाहीत. पंधरा-वीस सेकंदांत फेस आला. फरक एवढाच, की आपण लोणी वर यावे म्हणून घुसळतो. इथे न विरघळणारे पीठ पाण्यात धरून ठेवायचे असते. म्हणून लगेच प्यावे, नाहीतर ते तळाशी बसते.

आईने एक घोट घेतला. ‘‘पाल्याचा रस हाय,’’ म्हणाली आणि वाडगा माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची आमची जुनी लाकडी रवी मी वर्गात नेली. त्या मुलीने ती दोन्ही तळव्यांत धरली. पहिल्यांदा तिनेही एकाच अंगाने फिरवली.